पाणी आणायला गेलेली

"बाबा, ताईच्या गाडीचं इंजिन मी उघडलं तर चालेल?"

हा प्रश्न विचारूनच दाखव, अशी पैज मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत लावली होती. विचारलास तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही उचलू, नाही विचारलास तर तू नुसती फुशारक्या मारणारी. ठिणगीला डिवचायला एवढं पुष्कळ झालं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हजेरीला 'हजर' म्हणताना जिचा आवाज घशातच अडकायचा, ती विज्ञानाच्या प्रदर्शनात पंपाचं मॉडेल करून पहिली आली, आणि तेव्हापासून उघडता येणार नाही अशी वस्तू तिच्यापुरती जगात उरलीच नव्हती. मिक्सर उघडून झाला, शिवणयंत्र उघडून झालं. शेजारच्या काकूंचा पंखा उघडून झाला, आणि तो तर परत जोडल्यावर फिरलासुद्धा!

पण प्रश्न तोंडातून निसटला मात्र, आणि तिला जीभ चावावीशी वाटली. वाढता वाढता आईचा हात थांबला. त्या घरात दोन वर्षांत 'ताई' हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नव्हता.

ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. 'ठिणगी' हे नाव तिनंच ठेवलेलं. ताईनं जुनी गाडी घेतली, अंगणाच्या कडेच्या शेडमध्ये उभी केली, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं झाकण 'हेड' यांच्यामधलं पातळ अस्तर, गेलंय हे स्वतःच ओळखलं आणि मिस्त्रीकडे न जाता स्वतःच बदललं. तिसऱ्या दिवशी गाडी घेऊन एकटीच लांब निघाली. माळावरच्या रस्त्यात इंजिन तापलं. तिनं घरी फोन केला. "पाणी आटलंय. समोर झाडी दिसतेय, तिथं पाणी असेल. डबा घेऊन बघून येते."

तो शेवटचा फोन. दुसऱ्या दिवशी गाडी सापडली. बॉनेट उघडं, रेडिएटरचं झाकण काढून बॅटरीवर नीट ठेवलेलं. डबा नव्हता आणि ताईही नव्हती. त्या झाडीत विहीर नव्हती, ओढा नव्हता, साधं डबकंही नव्हतं. शोधायचं तिथं सगळीकडे शोधून झालं. मग गाडी ओढून घरी आणली आणि शेडला कुलूप लागलं.

"भंगारवाला रविवारी येतोय," बाबा ताटाकडे बघत म्हणाले. "गाडी द्यायचं ठरवलंय मी."

"बाबा!"

"आज सोमवार. रविवारपर्यंत सुरू केलीस तर राहील. नाही झाली तर जाईल. मग रडायचं नाही."

"मी कधी रडते?"

"भाजी चिरताना बोट कापलं तेव्हा गल्ली गोळा झाली होती."

आई हसली नाही. ठिणगीही नाही. गाडी दारात होती तोवर ताई नुसती पाणी आणायला गेली होती. गाडी गेली की ताई गेली. हे तिघांनाही कळत होतं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकाकांनी आधी कपाळाला हात लावला. "पोरी, इंजिन म्हणजे काय वहीचं कव्हर आहे? काढलं नि घातलं?" मग त्यांनीच टॉर्कचा पाना दिला, ठरलेला जोर लागला की टक्क असा आवाज करणारा, आणि दोन गोष्टी बजावल्या. "हेडचे दहा बोल्ट सोडताना बाहेरून आत, आवळताना मधून बाहेर. आणि बोल्टची भोकं कोरडी ठणठणीत हवीत. आत थेंब राहिला तर बोल्ट खोटं सांगतो, घट्ट बसलोय म्हणून."

"आणि काका, रेडिएटरमधलं पाणी?"

"कसलं पाणी? मीच ओढून आणली ना ती. थेंब नव्हता आत."

मंगळवारी शाळेतून आल्यावर बाबांनी शेडचं कुलूप उघडून दिलं. ते इतकं गंजलं होतं की तेलाच्या चार धारा सोडाव्या लागल्या. तेलाचा, धुळीचा, जुन्या रबराचा वास आला. ठिणगी गाडीखाली आडवी झाली आणि केवळ रीत म्हणून रेडिएटरच्या खालच्या नळाखाली बादली सरकवून तिनं नळ फिरवला.

धार मनगटावर पडली. गार होती, फ्रिजसारखी नव्हे, दगडाखालच्या पाण्यासारखी. बादली भरत आली तरी धार चालूच. ना गंज, ना तेलाचा तवंग. ओल्या शेवाळाचा वास येत होता.

"बाबा, हे तुम्ही भरलंत?"

"किल्ली माझ्या कपाटात होती," बाबा म्हणाले. बादली त्यांनी उचलून नेली आणि कुंड्यांना घालावी की मोरीत ओतावी हे न सुचल्यासारखे अंगणाच्या मध्यावर नुसतेच उभे राहिले.

बुधवारी रेडिएटर पुन्हा भरलेला होता. ठिणगीनं स्वतःची समजूत घातली. काल नीट निथळलं नसेल, नळीत हवा अडकली असेल. विज्ञानात पहिली आलेल्या मुलीकडे कारणांना काय तोटा? तिनं पुन्हा पाणी काढलं, नळ्या सोडवल्या, कार्ब्युरेटर उतरवला, नट डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवले. मात्र या वेळी बादली काठापर्यंत आली नव्हती. तळाशी बारीक तांबडी वाळू बसली होती.

गुरुवारी बाबांच्या मदतीनं हेड उचललं. खाली चार सायलेंडर, आणि त्यांच्या भोवतीच्या पाण्याच्या वाटांमध्ये पुन्हा पाणी, स्वच्छ, जेमतेम दोन तांबे. पण ठिणगीचं तिकडे लक्षच गेलं नाही. ती जुन्या गॅस्केटकडे बघत होती. काळं पडलेलं, एका ठिकाणी जळून फाटलेलं. त्यावर 'टॉप' ही अक्षरं होती. ती खालच्या बाजूला होती.

दोन वर्षांपूर्वीची दुपार तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभी राहिली. ताईचे हात ग्रीसनं बरबटलेले, गॅस्केटचा माहितीचा कागद तेरा वर्षांच्या ठिणगीच्या हातात.

"ठिणगे, वाच गं. अक्षरं वर की खाली?"

कागदावरची अक्षरं बारीक होती आणि बाहेर मैत्रिणी हाका मारत होत्या. तिनं वाचलं नव्हतं. परीक्षेत पेपर पालथा ठेवतात, घंटा होईपर्यंत अक्षरं दिसू द्यायची नसतात, तेवढंच तिच्या डोक्यात आलं होतं. "खाली!" ती ठणकावून म्हणाली होती. ताई हसली होती. "माझा मिस्त्री हुशार आहे."

"बरोबर बसवलं होतं ना तिनं?" बाबांनी विचारलं.

"हो," ठिणगी म्हणाली.

संध्याकाळी ती मिस्त्रीकाकांकडे गेली, दुसऱ्याच कुणाच्या गाडीबद्दल विचारावं तशी. "पालथं गॅस्केट? म्हणजे पाण्याच्या वाटा बंद," काका म्हणाले. "मग पालथ्या घड्यावर पाणी. ओत कितीही, तापणार ते तापणारच. का गं? कुणी लावलं?"

"कुणी नाही."

शुक्रवारी ती शाळेतून धावतच आली. मैत्रिणी तिचं दप्तर घेऊन मागून धापा टाकत होत्या. त्यांना फाटकातूनच परत पाठवून तिनं शेड उघडलं. काल तिनं बोल्टची दहाही भोकं चिंधीनं पुसून कोरडी केली होती, पाण्याच्या वाटा टिपून काढल्या होत्या. आता तळाशी ओंजळभर पाणी होतं. काठावरून एक ओघळ खाली आला होता, हात थरथरल्यावर सांडतं तसा. एका भोकात थेंब चमकत होता.

"आलंय ना?"

आई दारात उभी होती. दोन वर्षांत शेडच्या दाराशी ती पहिल्यांदा आली होती.

"तुला माहितीय?"

"दुपारी डब्याची कडी वाजते गं. तू शाळेत असतेस तेव्हा. गाडी घरी आणली त्या आठवड्यात एकदा वाजली होती. मला वाटलं, माझेच कान वाजतायत. मग दोन वर्षं काही नाही. या मंगळवारी तू पाणी काढलंस, आणि बुधवारपासून रोज." आईनं पदरानं तोंड पुसलं. "पहिल्या दिवशी भरभर वाजली. आता मध्ये मध्ये थांबते. लांबून येत असणार. दमलीय पोर."

"तू खिडकीतून बघितलं नाहीस?"

"धीर होत नाही." आईनं इंजिनवर हात ठेवला. "नीट बसव ते. आटायला नको, गळायला नको. तिला खाली बसू दे एकदाची."

ठिणगीनं ते भोक टिपलं, परत टिपलं, दिव्याच्या उजेडात बघितलं. नवं गॅस्केट ठेवलं, अक्षरं वर. बाबांनी हेड अलगद खाली सोडलं. दहा बोल्ट, मधून बाहेर, तीन फेऱ्या. प्रत्येक टक्क आवाजाला आई दारातून मान हलवत होती.

शनिवारी अर्ध्या शाळेनंतर उरलंसुरलं जोडून झालं. नवं तेल घातलं, घरच्या नळाचं पाणी भरलं, मिस्त्रीकाकांची बॅटरी लावली. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा खोकला. तिसऱ्यांदा इंजिन लागलं आणि शेडचा पत्रा थरथरला. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे आले, कमी कमी होत थांबले. काटा मध्यावर चढला आणि तिथंच राहिला. अर्धा तास. एक तास.

"वा रे मिस्त्री!" बाबा म्हणाले आणि तिथंच जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले. आईनं झाकण आपल्या हातानं लावलं.

रविवारी सकाळी भंगारवाला आला, गाडीचा आवाज ऐकून हात जोडून हसत परत गेला. आईनं किती तरी दिवसांनी केस नीट विंचरले. स्वयंपाकघरातून तिच्या गुणगुणण्याचा आवाज येत होता. बाबा पेपर तोंडावर घेऊन गाढ झोपले होते.

ठिणगी दुपारी शेडमध्ये जाऊन बसली. झाकण उघडून बघितलं. पाणी काठोकाठ. बोट बुडवून हुंगलं. नळाचा वास. झाकण तिनं परत फिरवून लावलं.

दोन वाजले. तीन वाजले.

गल्लीत एक सायकल गेली. कुणाच्या तरी घरी भांडं पडलं. कडी वाजली नाही.

जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मैत्रिणींना सांगायला केवढी गोष्ट होती! तिला वाटलं, आपण एक दार स्वतःच्या हातानं, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत बंद केलंय.

चार वाजता ती गाडीखाली आडवी झाली आणि तिनं नळ फिरवला.

पाणी वाहिलं. धार बारीक झाली. थेंब थेंब होऊन थांबली. ठिणगीनं नळ बंद केला आणि तशीच पडून राहिली.

कडी वाजली.

खूप लांब. मग काहीच नाही. मग पुन्हा, थोडी जवळ. मध्ये इतका वेळ गेला की ठिणगीनं शंभरपर्यंत मोजलं. मग फाटकाजवळ.

गाडीखालून तिला अंगणाचा जमिनीलगतचा पट्टा दिसत होता. त्यात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

डबा जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. कुणीतरी श्वास घेतला, चढण चढून आल्यावर घेतात तसा. वर रेडिएटरचं झाकण फिरलं.

"ताई," ठिणगी म्हणाली. "अक्षरं..."

पुढचा शब्द येईना. हजेरीला यायचा नाही तसा, घशातच अडकला.

वरून पाणी ओतल्याचा आवाज आला. अगदी थोडं. भांडं विसळताना ओततात तेवढं.

ती बाहेर आली तेव्हा कुणी नव्हतं. झाकण बॅटरीवर नीट ठेवलेलं होतं.

ती घरात गेली तेव्हा गुणगुणणं थांबलेलं होतं. आई ओट्याला पाठ टेकून, दोन्ही हातांनी कान झाकून उभी होती. बाबा उठून बसले होते. ठिणगीच्या कोपरांवरून ओघळून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"काय केलंस तू?" आईनं विचारलं.

"गाडी विकायची नाही," ठिणगी म्हणाली. आता तिचा आवाज अजिबात अडकला नाही. "आणि चालवायचीही नाही. मला तिला एक गोष्ट सांगायचीय. आज सांगता आली नाही. सांगून होईपर्यंत मी रोज पाणी काढणार."

"अगं, ती दमलीय."

"दमू दे," ठिणगी म्हणाली. "पण येऊ दे."