आठव्या बाह्या

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवावा, रंगाऱ्यावर की त्याच्याकडे रेशीम धाडणाऱ्यावर? राजधानीत तीस वर्षं मी रेशीम विकतोय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ही हकिगत साकोनची, त्सुनेको राणीच्या खास सखीची. सणाला राणीच्या दुसऱ्या सात सख्या पडद्याआड बसायच्या आणि पडद्याखालून नुसत्या बाह्या ओसरीवर सोडायच्या. सम्राट ज्या बाह्यांपाशी थांबेल, त्या राणीच्या महालाचं नशीब उघडायचं. गडद लाल रंग मात्र त्याच्या परवानगीशिवाय अंगावर घालायचा नाही. मागल्या वर्षी राणीच्या सांगण्यावरून साकोननं तिच्या सवतीचं, आकिकोचं, फिकं लाल रेशीम रंगाऱ्याकडून गुपचूप आणखी एकदा रंगात बुडवून गडद करून घेतलं. सणाला ते अंगावर दिसलं आणि आकिकोची हकालपट्टी झाली. हिवाळ्यात ती मेली.

यंदा सणाच्या भर दुपारी साकोन अंगणातून बाह्यांच्या घड्या न्याहाळत होती. सात जोड्या पोपटी. आणि टोकाला आठवी... गडद लाल. ओली. रंगाच्या हौदाचा आंबूस वास येत होता.

ती धावत आत राणीपाशी गेली. सख्या सातच.

"बाईसाहेब, टोकाला कोण बसलंय?"

"कोणी नाही. डोळे फुटले का तुझे?"

"आकिकोबाईंच्या बाह्या..."

"त्या सटवीचं नाव काढू नकोस! जिवंतपणी तिच्याकडे कोण बघत होतं, ते आता बघणार?" म्हणत राणी पडद्याच्या फटीतून डोकावली, आणि झटकन मागे सरली. "आत ओढ... ओढ म्हणते ना!"

साकोननं टोकाची जागा चाचपली. हाताला कोरडी फळी लागली. बाहेर लाल रेशीम तसंच पसरलेलं.

ओसरीवरची पावलं थांबली.

"हा रंग कोणी घातलाय?" सम्राटानं शांतपणे विचारलं.

साकोननं राणीकडे पाहिलं. राणीनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. तरीही पडद्याच्या टोकाकडून राणीचाच आवाज आला, गोड, जरासा हसरा...

"मीच, महाराज."

संध्याकाळी राणीची बैलगाडी मागल्या दारानं बाहेर पडली. सणाचे झगे विकायला साकोन माझ्याकडे आली. "सात आहेत. गाठ मी स्वतः मारलीय," म्हणाली. गाठोडं सोडलं, तर आठ निघाले. आठवा अजून वाळत नाही.

उद्यापासून माझी हिशेबाची वही तुम्ही लिहिणार, म्हणून एवढी विनंती. साकोन काहीही म्हणो, झगे रोज मोजा, आणि जेवढे भरतील तेवढेच लिहा.