एक ठोका म्हणजे थांब

धुके इतके दाट होते की क्रेनच्या केबिनमधून खालचा ट्रेलर दिसतच नव्हता. परंतु पोलादी पाइपांचे गठ्ठे दुपारपूर्वी रवाना व्हायचे होते, आणि त्या आवारात धुक्याच्या दिवशी काम कानांवर चालत असे. ट्रेलरवरचा माणूस बाजूच्या लोखंडी खांबावर सळईने ठोके देई. दोन ठोके म्हणजे उतरव. एक म्हणजे थांब.

सळई आता क्रेनचालकाच्या मेहुण्याकडे होती. त्याला कामावर लागून आठवडाही झाला नव्हता. नेलात तसा माझा भाऊ परत आणा, असे बायकोने सकाळी बजावले होते. त्यावर डबा रिकामा येईल आणि मी भरलेला, असे सांगून मेहुण्याने तिला हसवले होते. क्रेनचालक हसला नाही. मेहुण्याच्या आधी त्या जागेवर असलेले, सगळे ज्यांना मामा म्हणत, ते गेल्या हिवाळ्यात याच क्रेनच्या भाराखाली गेले होते. दोन ठोके दिल्यावर त्यांना पाइपांखालचा लाकडी ठोकळा तिरपा दिसला, आणि तो नीट करायला ते वाकले. चौकशीत क्रेनचालकाचा दोष निघाला नव्हता.

दोन ठोके आले. त्याने गठ्ठा सावकाश सोडायला घेतला. तोच एक ठोका आला, जड आणि घाईचा. त्याने क्रेनचा दांडा जागीच रोखला.

"दाजी, वर घ्या..." धुक्यातून आवाज आला. "हात आत आहे माझा..."

गठ्ठा वर घेऊन तो खाली धावला. मेहुणा ट्रेलरवर हात छातीशी धरून बसला होता. ठोकळा सरकवताना बोटे खरचटली होती, एवढेच.

"ठोका दिलास म्हणून वाचलास," क्रेनचालक म्हणाला.

"मी कुठे दिला?" मेहुणा पुटपुटला. "सळई तर आधीच हातातून सुटली..."

सळई चाकापाशी चिखलात पडली होती. आवारात तिसरे कोणी नव्हते.

बोटांना पट्टी बांधून झाल्यावर गठ्ठा नीट बसवला, हुकाला अडकवलेले त्याचे पट्टे सोडवले आणि क्रेनचालकाने रिकामा हुक वर घेतला. केबिनमधला वजनाचा काटा शून्यावर यायला हवा होता. तो किंचित वरच थांबला. एखादा माणूस लटकावा, इतका. वारा नव्हता, तरी दोर संथपणे झुलत होता.

"दाजी, पुढच्या गठ्ठ्यासाठी हुक खाली द्या," मेहुण्याने हाक दिली.

क्रेनचालकाने दांड्यावरून हात काढून घेतला.

"आधी तू तिथून बाजूला हो," तो हलकेच म्हणाला. "लांब जा... आणखी लांब."