तेविसावं मिनिट

लाइट गेली की आमच्या गल्लीतल्या मागांचा खडखडाट एकदम थांबतो आणि मग कुणाच्या घरात काय बोलतात ते सगळ्यांना ऐकू येतं. नव्याण्णव सालच्या डिसेंबरात अशीच एकदा लाइट गेली. हिलाल जिभाऊ त्यांच्या ओट्यावर बसले होते, आम्ही चौघं पायऱ्यांवर. जिभाऊंनी तीस वर्षं पॉवरलूमवर काढली; कान कमी झालेत, म्हणून समोरच्याचे ओठ बघून उत्तर देतात. कंदील त्यांनी आमच्या तोंडांवर उजेड पडेल असा ठेवायला लावला. स्वतः अंधारात बसले.

"भिकनच्या घराकडे आत्ता बघू नका," ते म्हणाले. "गोष्ट तिथलीच आहे. नंतर बघा."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

ऑक्टोबरची आठ तारीख. शुक्रवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. संध्याकाळी सातला भिकनचा योगेंद्र नाक्यावर भेटला. स्पीकरची वायर आणायला पर्वत पाटियाच्या बाजारात निघाला होता. डोळे लाल, दाढी वाढलेली. मी म्हटलं, परवाच आणली होतीस ना वायर? म्हणाला, ती ढिली असेल जिभाऊ, बाकी सगळं बदलून झालं.

योगेंद्र साड्यांच्या डिझाइनच्या कॉम्प्युटरवर काम करतो हे तुम्हाला माहीत आहे. सुटे भाग जमवून त्यानं घरी स्वतःचा कॉम्प्युटर बांधला. टीव्हीला चित्र देणारं कार्ड, ॲम्प्लिफायर, स्पीकरची दोन लाकडी खोकी. दीड खोलीत थिएटर. मी त्याला म्हणायचो, तिकीट कधी लावतोस?

पण त्या दिवसांत त्याला सिनेमा बघायचा नव्हता. त्याची बहीण रंजना दुसऱ्या दिवशी बारडोलीहून येणार होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली पोरीला, आणि तिच्या मनात एकच गाठ. पाठवणीच्या वेळी आप्पा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. भिकन जिवंत होता तोवर ती बापाशी तुटक बोलायची. गेल्या वर्षी दिवाळीआधी तो झोपेतच गेला. ती आली, रडली, पण फोटोला हात जोडले नाहीत. आता त्याची पहिली सर्वपित्री. सुंदरावहिनी, म्हणजे योगेंद्रची आई, सारखं म्हणायच्या, अरे ते बोलले होते, मी शेजारी होते, त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. आता त्यांना मोतीबिंदू. पडद्यावरचं दिसत नाही. त्या म्हणायच्या, मला नको दाखवू, तिला आवाज ऐकव.

लग्नाची कॅसेट पुराच्या साली भिजून बुरसली होती. योगेंद्रनं ती कशीबशी साफ करून दुकानातून सीडीवर उतरवून घेतली. आणि तिथून त्याचे हाल सुरू झाले.

आधी चित्र पुढं, आवाज दोन सेकंद मागं. भटजींचं तोंड मिटायचं आणि मग 'सावधान' यायचं. ते जुळवलं तर आवाज अडकायला लागला, एकच अक्षर थर्रथर्र वाजायचं. साउंड कार्ड काढून दुसऱ्या खाचेत बसवलं. मेमरीच्या पट्ट्या खोडरबरानं घासल्या. विंडोज पुसून पुन्हा टाकलं, तीन वेळा. मागांमुळे व्होल्टेज खाली जातं म्हणून उसना स्टॅबिलायझर आणला. चार रात्री. बुधवारी सगळं जुळलं… फक्त एक जागा सोडून.

तेविसाव्या मिनिटाला पाठवणी सुरू होते. बँड जोरात. भिकन चौकटीत येतो, टोपी हातात, ओठ हलतात, आणि नेमका तिथं आवाज जातो. भिकनचाच नव्हे, बँडचासुद्धा. सतरा सेकंद. मग पुन्हा बँड.

तीच सीडी योगेंद्रनं दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावली. तिथं बँड पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजला, इतका की दुसरं काही कळेना. घरी आणली, पुन्हा गप्प. आणि गुरुवारी तो गप्पपणा अलीकडे सरकला. रंजना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकते तिथपासून.

(इथं आमच्यातला अमोल म्हणाला की अर्थिंगचा लोचा असणार. जिभाऊ म्हणाले, त्यानं तेही बदललं होतं रे भो, तुझ्यासारखाच हुशार होता.)

शुक्रवारी रात्री एक वाजून दहा मिनिटांनी माझी कडी वाजली. दारात योगेंद्र. म्हणाला, जिभाऊ, तुम्हाला ओठ वाचता येतात ना? मला आवाज नाही काढता येत. तुम्ही सांगा आप्पा काय बोलले.

मला हे आधीच सुचायला हवं होतं. आमच्या खात्यात चाळीस माग. तिथं ओरडून उपयोग नसतो. ओठ हलवायचे, समोरच्यानं बघायचं. भिकन आणि मी समोरासमोरच्या मागांवर एकवीस वर्षं असे बोललो. तिथं घशातून आवाज काढायची सवयच मोडते. माझी बायको आजही म्हणते, घरात गडबड असली की तुम्ही नुसते ओठ हलवता. भिकनच्या दोन गोष्टी खात्यात प्रसिद्ध होत्या. एक हे बोलणं. दुसरी त्याची गाठ. तो डावखुरा. तुटलेला धागा जोडला की आमच्या गाठीची शेपटी उजवीकडे, त्याची डावीकडे. पाळी बदलली तरी कळायचं, हा धागा भिकननं जोडलाय.

मी गेलो. सुंदरावहिनी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. कॉम्प्युटरचं खोकं उघडं, आतल्या वायरी बाहेर. योगेंद्रनं सीडी लावली. तेविसावं मिनिट. बँडवाल्यांचे गाल फुगलेले, आणि खोलीत टाचणी पडल्याचा आवाज नाही.

भिकन आला. मी बघितलं. आणि मला आठवलं. त्या दिवशी मी कॅमेरावाल्याच्या मागंच उभा होतो. भिकन माझ्याशीच बोलत होता.

"काय म्हणतात?" योगेंद्रनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. रंजनासाठी एखादं चांगलं वाक्य बनवता आलं असतं… नाही जमलं. एकवीस वर्षांत त्याच्या ओठांवरचा एक शब्दही मी बदलून सांगितला नव्हता.

मी सांगितलं. "टेम्पोतलं कपाट नीट बांधलं का, असं विचारतोय. मला."

मग कॅमेरा टेम्पोकडे वळतो. भिकन निघून जातो. संपलं.

 योगेंद्र हसला. वाईट हसला. चार रात्री मी कपाटासाठी जागलो, म्हणाला. उठला, पकड घेतली आणि संध्याकाळी आणून लावलेली ती नवी कोरी वायर मधोमध कापून टाकली. कच्च. दोन तुकडे टेबलामागं पडले. म्हणाला, आता आवाजाचा प्रश्नच मिटला.

तो पुन्हा खाली बसला. कशासाठी कोण जाणे, सीडी मागं नेली. भिकन चौकटीत आला तसं त्यानं चित्र थांबवलं.

बँडवाल्याची काठी हवेत थांबली. उधळलेल्या अक्षता हवेत थांबल्या. कुणाचा तरी पदर उडालेला, तसाच.

भिकनचे ओठ थांबले नाहीत.

योगेंद्रनं कळ पुन्हा दाबली. पुन्हा.

काठी तशीच. अक्षता तशाच. ओठ…

भिकननं मान वळवली. टेम्पोकडे नाही. खाली, जिथं रंजना डोक्यावर पदर घेऊन उभी होती. आणि तो बोलत राहिला. खात्यात बोलायचा तसा. घाई न करता, शब्द सुटा करून, की समोरच्याला दिसावा.

मी वाचत होतो. माझे ओठही त्याच्याबरोबर हलत होते. सवय. घशातून आवाज नव्हता. मला पक्कं माहीत आहे, नव्हता…

टीव्हीवरचं चित्र बारीक झालं. लाइट गेली.

अंधार. योगेंद्रचा श्वास. बाकी काही नाही.

मग भिंतीकडून सुंदरावहिनी म्हणाल्या, "ऐकलं मी."

आम्ही दोघंही हललो नाही.

"मी बोलनू व्हतू रंजू, तू वर दखंच नही." त्या आमच्या बोलीत, जसेच्या तसे, शब्द म्हणाल्या. "असंच म्हणाले ना?"

मी बोललो होतो रंजू, तू वर पाहिलंच नाहीस. हेच मी त्याच्या ओठांवर वाचलं होतं. वहिनींना चार हातांवरचं दिसत नाही. योगेंद्रला काही ऐकू आलं नव्हतं. मला तर नाहीच.

सकाळी नऊला रंजना आली. वहिनींनी तिला जवळ बसवून ते सांगितलं. ती म्हणाली, बँड वाजत होता, मी पायाकडे बघत होते. एवढंच. मग उठून फोटोसमोर गेली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. विस्तवावर पितरांच्या नावाची आगारी तिनं स्वतःच्या हातानं टाकली.

दुपारी, पाटावरून उठल्यावर, ती म्हणाली एकदा सीडी लाव. योगेंद्र म्हणाला, ताई, आवाज नाही येणार, वायर कापलीय मी. तरी तिनं हट्ट धरला, म्हणून लावली.

बँड वाजला. दोन्ही खोक्यांतून, स्वच्छ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठंही न अडकता. भिकन आला, माझ्याशी ओठ हलवून कपाटाचं बोलला आणि कॅमेऱ्यासोबत निघून गेला. बाकी काही नाही.

योगेंद्रनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मग आम्ही दोघांनी टेबल पुढं ओढलं.

जिभाऊ थांबले. कंदिलाची वात खाली गेली होती, कुणी वर केली नाही.

मागं धूळ होती, ते म्हणाले. धुळीत बोट लागल्याची खूण नव्हती. वायरचे दोन तुकडे जोडलेले होते. चिकटपट्टी नाही, तार सोललेली नाही, वरचं प्लॅस्टिक तसंच. नुसती एक गाठ. बारीक, आवळून मारलेली.

शेपटी डावीकडे.