बिनचेहऱ्याचा स्वार

कनकगडाच्या पूर्वतटावर तांबडं फुटलं, तसा राजबागेतला संगमरवरी स्वार धुक्यातून हळूहळू वर आला. हत्तीएवढ्या चौथऱ्यावर, उधळल्या घोड्यावर ताठ मांड घातलेला तो स्वार म्हणजे गेल्या साली नदीपलीकडच्या लढाईत पडलेले रायाजीराव महाराज. प्रेत सापडलंच नव्हतं. रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला होता. आईसाहेब द्वारकाबाईंना लेकाचा चेहरा म्हणून उरला होता तो एवढाच, आणि तो पाहायला त्या रोज पहाटे येत.

आज त्यांच्यामागे दिवाण त्र्यंबकपंत होते आणि छिन्नी-हातोडा घेतलेला गोंदाजी पाथरवट होता.

"पंत, पुन्हा एकदा सांगा."

"आईसाहेब, नवाबाचा वकील फौजेनिशी दरवाजाशी बसला आहे. रायाजीराव महाराज जिवंत सापडले, म्हणतो. कैदेत त्यांच्याकडून गड देण्याची शपथ वदवून घेतली आहे. आपण त्यांना ओळखलंत, की ती शपथ दौलतीची झाली. गड गेला, आणि गादीवरचे आपले नातू नवाबाच्या हाती पडले."

"आणि मी नाकारलं तर?"

"निम्मे सरदार फितले आहेत. या पुतळ्याशेजारी माणूस उभा करा, म्हणतात. चेहरा जुळला, की त्यांना दरवाजा उघडायला निमित्त मिळालं."

"तोतयाच असेल ना हो, पंत?"

पंतांनी मान खाली घातली. बाई समजायचं ते समजल्या.

गोंदाजीनं लावलेल्या शिडीवरून त्या स्वाराच्या मुखापर्यंत चढल्या. ओठांची ती किंचित तिरपी ठेवण, हट्ट पुरवून घेतानाची, कारागिरानं हुबेहूब उतरवली होती. बाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"गोंदाजी, चेहरा उडव."

"आईसाहेब, हात धजत न्हाई."

"मग आण इकडे," असं म्हणून त्या माउलीनं हातोडा घेतला आणि पहिला घाव स्वतः घातला. पुढचे घाव गोंदाजीनं रडत रडत घातले.

सूर्य कासराभर वर आला, तेव्हा बागेत दरबार भरला. पुतळ्याकडे नजर जाताच फितलेल्या सरदारांचे चेहरे पडले. त्यातला एक धीर करून म्हणाला, "आता ओळख पटवायची कशी?"

"दगडाला काय विचारता? जन्म देणारी समोर बसली आहे, तिला विचारा!" पंत कडाडले.

वकिलानं कैद्याला पुढे आणलं. सुकलेला, एका पायानं लंगडणारा, दाढी वाढलेला; पण आईसाहेबांना पाहताच त्याचे ओठ तसेच तिरपे झाले. धावत जावं, त्याला कुशीत घ्यावं, काय व्हायचं ते होवो, असं बाईंना फार वाटलं.

"माझा मुलगा लढाईत पडला," त्या म्हणाल्या. "हा माझा कुणी नाही."

तो क्षणभर गोंधळला. मग त्यानं पुतळ्याकडे पाहिलं, गवतावरच्या कपच्यांकडे पाहिलं आणि आईच्या हातांना लागलेल्या पांढऱ्या भुकटीकडे पाहिलं. त्याला सारं उमगलं. त्यानं परक्यानं करावा तसा लवून मुजरा केला.

"बाईसाहेब खरं बोलतात. मी बहुरूपी आहे. पोटासाठी महाराजांचं सोंग घेतलं. ज्यांचा हा पुतळा, ते भाग्यवान."

संतापलेल्या वकिलानं दरवाजाबाहेर पडताच त्याची गर्दन मारली. पण डाव फसला होता. फितलेले सरदार निमूटपणे आपापल्या बुरुजांवर परतले, आणि हात चोळत बसलेल्या नवाबाच्या फौजेनं पावसाच्या तोंडावर वेढा उठवला.

पण त्याआधी, तोतया मारला गेल्याची बातमी गडावर आली त्याच दिवशी, नगारखाना झडू लागला. पंत हलक्या आवाजात म्हणाले, "आईसाहेब, स्नान... सुतक..."

"परक्याचं सुतक नसतं, पंत. तोतया मेला की गोड वाटायचा रिवाज आहे, तो करा. साखर वाटा."

चांदीच्या ताटातून साखर आली. बाईंनी पहिली चिमूट नातवाच्या तोंडात घातली. मग फितलेल्यांपैकीच एका सरदारानं ताट त्यांच्यासमोर धरलं आणि तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला. सारा दरबार बघत होता. आईसाहेबांनी साखर उचलली, तोंडात घातली आणि गिळली.