सहाव्या रिळातलं हसू

गुरुवारी सकाळी थेटरचा म्हातारा डोअरकीपर सहाव्या रिळाचा डबा काखेत मारून दोन जिने चढून आला, डबा टेबलावर ठेवला आणि स्टुलावर बसून धापा टाकू लागला.

“पुन्हा तिथंच फाटली, ताई. दुपारच्या खेळाच्या आत जोडून द्या. आज शेवटचा दिवस.”

तिथंच म्हणजे कुठे, हे तिला विचारावं लागलं नाही. सिनेमे वाटणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं ती हेच काम करत होती. थेटरातून आलेली रिळं हाताने फिरवायची, कडा बोटांनी चाचपायच्या, फाटलं असेल तिथे दोन्ही बाजूंनी कापायचं आणि सिमेंट लावून जोडायचं. सिमेंट म्हणजे भिंतीचं नव्हे, कुजक्या फळासारखा गोडसर वास येणारं पातळ रसायन. तो वास तिच्या कपड्यांतून कधी गेलाच नाही. ऑफिसात तिला सगळे जोडताई म्हणायचे. प्रत्येक जोडाला एखाददुसरी फ्रेम कापली जातेच. फिल्म दिवसेंदिवस आखडत जाते, वाढत मात्र कधीच नाही.

सिनेमा जुना, काळापांढरा. बायकोवर जीव टाकणारा आणि तिच्यावर संशय घेणारा एक नवरा. सहाव्या रिळात बायको खिडकीशी जाते, खाली रस्त्यावर बघते आणि हसते. दोनच सेकंद. खाली कोण आहे ते कॅमेरा दाखवतच नाही. मागून दारातून नवरा विचारतो, ‘कुणाकडे बघून हसलीस?’ ती वळते, त्याच्याकडे बघते आणि गप्प राहते. दार बंद होतं. त्यानंतर तो एकटाच टेबलाशी, दोन कप मांडून बसलेला. संपलं.

“अगं, बोल ना बाई!” हे रीळ तपासताना तिने त्या नटीला कितीतरी वेळा सुनावलं होतं. एका शब्दाचं काम, आणि ही तोंडाला कुलूप लावून उभी!

“काका, शेवट सगळ्यांना पाठ आहे. मग लोक परत परत येऊन बघतात तरी काय?”

“शेवट बघायला कोण येतंय? आज तरी कळेल म्हणून येतात. मीसुद्धा दारात उभा राहून तेवढं बघतोच. एक दिवस वाटतं, बिचारीचं नवऱ्यावर किती प्रेम आहे. दुसऱ्या दिवशी तेच हसू बघून वाटतं, हिच्या मनात काहीतरी आहे.” म्हाताऱ्याने आवाज खाली आणला. “तुमचे मिस्टर कालही होते, ताई... ती हसली की उभे राहतात हो. मागचे लोक ओरडतात, पण त्यांना ऐकूच येत नाही.”

तिने कपाळावर हात मारला.

पास तिनेच आणून दिला होता, हा खरा वैताग. नवऱ्याचं चष्म्याचं छोटंसं दुकान होतं. सरळ, मऊ माणूस. ती इथे नोकरीला लागल्यापासून तो रोज साडेपाचला या खिडकीखाली, दिव्याच्या खांबाशी येऊन उभा राहायचा. राखी कोट, हातात तिच्यासाठी काहीतरी खाऊ. ती खिडकीतून बघून हसायची, मग पिशवी उचलून खाली उतरायची. तीन आठवड्यांपूर्वी त्याने हा सिनेमा पाहिला आणि डोक्यात भुंगा शिरल्यासारखं झालं. रोज दुपारी दुकान बंद करून तो थेटरात जायला लागला. खिडकीखाली येणं थांबलं. तिने विचारलं तर म्हणाला, “मी येतो हे माहीत असलं की तू सावध असतेस.”

रोज रात्री तोच प्रश्न. “खिडकीतून कुणाला बघतेस?” तिने समजावलं, भांडली, एकदा ताटावरून उठून गेली. परवा तिने बहिणीला कळवून टाकलं होतं. सिनेमा उतरल्यावर माणूस ताळ्यावर आला तर ठीक, नाहीतर शनिवारी ती घर सोडणार होती. एकतीस वर्षांचा संसार एका नटीच्या हसण्यापायी मोडायचा, या विचारानेच तिचं डोकं फिरायचं.

म्हातारा पाणी प्यायला बाहेर गेला. तिने फाटलेली जागा भिंगाखाली धरली. हसू सुरू होतं नेमकं तिथेच फाटलं होतं. दोन फ्रेम कापायच्या. तिने कात्री उचलली आणि एकोणीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. सगळं हसूच कापून टाकलं. तीन फूट. आता नटी खिडकीशी जायची आणि लगेच वळायची, बस्स. तो तुकडा गुंडाळून तिने पत्र्याच्या डबीत टाकला आणि डबी अॅप्रनच्या खिशात. तपासणीच्या कार्डावर रिळाची लांबी लिहिली, नऊशे एकतीस फूट.

“बघा आता काय बघायचं ते,” ती पुटपुटली.

संध्याकाळी नवरा घरी आला तो चेहरा उजळून. किती दिवसांनी त्याने स्वतःहून चहा टाकला.

“आज कळलं,” तो म्हणाला. “आज दाखवला.”

“काय दाखवलं?”

“ती कुणाकडे बघून हसते ते. माणूस दाखवला... खाली, रस्त्यावर.”

तिने हातातला कप खाली ठेवला. हसूच नव्हतं आज, तर माणूस कुठला? पण हे बोलायचं म्हणजे कापल्याचं सांगायचं.

“कोण होता?”

त्याने चष्मा काढला, कोटाच्या टोकाने सावकाश पुसला. “माझा कोट घालून उभा होता.” मग बाही नाकाशी नेत म्हणाला, “याला तुझ्या ऑफिसचा वास येतोय. कसा काय?”

“अहो, एकाच खुंटीला टांगतो आपण कपडे! येणार नाही तर काय होईल?” ती ओरडलीच. तो हसला. भांडला नाही. झोपताना म्हणाला, “उद्या साडेपाचला घ्यायला येतो. पूर्वीसारखा.”

तिला रडूच आलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

शुक्रवारी दुपारी सगळे डबे परत आले. तिने चौथं रीळ तपासलं, पाचवं तपासलं. सहावं चढवलं आणि मोजणीच्या काट्याकडे सहज नजर टाकली.

नऊशे चाळीस.

काटा अडकला असेल म्हणून तिने रीळ उलटं फिरवून पुन्हा मोजलं. नऊशे चाळीस. काल नऊशे एकतीस फूट गेलं होतं, हे तिच्याच अक्षरात समोर होतं. ती बोटांनी कडा चाचपत खिडकीच्या दृश्यापर्यंत आली. कालच्या जोडाचा उंचवटा बोटाला लागायला हवा होता. लागला नाही. फिल्म सलग होती, आणि नटी हसत होती.

तिने खिशातली डबी उघडली. कापलेला तुकडा आतच होता.

खोलीत सिमेंटचा वास एकाएकी दाटला. बाटलीचं झाकण तर घट्ट होतं. तिने रीळ पुढे सरकवलं, भिंग लावलं. हसण्याच्या पुढे सहा फूट असं काहीतरी होतं जे या सिनेमात कधीच नव्हतं. वरून दिसणारा रस्ता. दिव्याचा खांब. खांबाशी कोट घातलेला माणूस, वर बघणारा. चेहरा अंधुक. पण कोटाचा उजवा खिसा स्वच्छ दिसत होता. तो उसवला होता आणि राखी दोरा संपला म्हणून कुणीतरी पांढऱ्या दोऱ्याने शिवला होता.

तो तिने शिवला होता. गेल्या थंडीत.

तिने रीळ डब्यात टाकून झाकण दाबलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. तिला राग येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. ऑफिस रिकामं होत गेलं. साहेब टोपी घालून गेले. घड्याळात साडेपाच वाजले.

ती खिडकीशी गेली. अजून चांगलं ऊन होतं. खाली खांबाशी तो उभा होता. राखी कोट, हातात कागदी पुडा. वर बघत होता, अगदी पूर्वीसारखा. तिचा सगळा दिवसभराचा ताण एका क्षणात उतरला. आला हो, खरंच आला! ती हसली. मनापासून, तोंडभरून हसली.

“कुणाकडे बघून हसलीस?”

आवाज मागून, दारातून आला.

ती वळली. दारात नवरा उभा होता. राखी कोट, खिशावर पांढरा दोरा. जिने चढल्यामुळे किंचित दम लागलेला.

तुमच्याकडेच... खरं उत्तर तेच होतं. ते तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. ती नटी का बोलत नव्हती ते तिला आत्ता समजलं.

“बरं, नको सांगूस,” तो मऊ आवाजात म्हणाला. “चल घरी. मी दोन कप मांडून आलोय.”

त्याने हात पुढे केला. तिने एकदाच खिडकीतून खाली पाहिलं. खांबाशी तो अजून तिथेच होता. हातातला पुडा खाली पडला होता, आणि तो तिच्याकडे बघत जोरजोराने मान हलवत होता... नको, नको म्हणून.