एक पट्टी उरली होती

मल्हारी पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आला तो चुकून. त्याला वाटलं, इथे चहा मिळतो.

"एक द्या. बिनसाखरेचा."

"इथे चहा नाही, पट्ट्या मिळतात," मी म्हणाले.

"कसल्या?"

मग समजावणं आलं. विमानतळावर तपासणीच्या रांगा दोन. एक सगळ्यांची, लांबलचक. दुसरी निवडक प्रवाशांची. मोठ्या कंपन्यांच्या यादीत ज्यांचं नाव, त्यांच्या मनगटाला मी हिरवी पट्टी बांधायची, की ते पाच मिनिटांत आत. शिवाय अडल्यानडल्यांसाठी रोज दोन जादा पट्ट्या असायच्या. त्या कुणाला द्यायच्या, ते मी ठरवायची.

"म्हणजे व्हीआयपी दर्शनच की हे!" तो हसला. "आम्ही आपले धर्मदर्शनवाले." आणि मोठ्या रांगेत जाऊन उभा राहिला... दोनदा मागे वळून बघत. मी मोजलं होतं.

तो दिंडोरीचा. द्राक्षबागांना सल्ला द्यायचा, दर पंधरा दिवसांनी हैदराबादकडच्या बागांवर जायचा. आणि दर वेळी अडकायचा. साध्या रांगेत हातावरून कापडाचा तुकडा फिरवून मशीनमध्ये घालतात, स्फोटकांचा अंश शोधायला. मल्हारीच्या हातांना कायम खत, आणि खतालाही ते मशीन ओरडायचं. मग बूट काढ, बॅग उपस, नावगाव सांग. हिरव्या पट्टीवाल्यांचे हात कुणी तपासत नसे. यादीतल्या माणसांचे हात स्वच्छच असणार, असं वरच्यांनी गृहीत धरलेलं.

"तीनदा धुतले, लिंबू लावून," एकदा दोन्ही तळवे माझ्यापुढे धरून तो म्हणाला. "तरी मशीन हात धुऊन मागं लागलंय."

"फक्त मशीनच ना?"

"अजून कुणी लागलं असंल तर सांगा की, मॅडम..."

मी मान खाली घालून पट्ट्या नीट लावू लागले. त्या नीटच होत्या. कान मात्र तापले होते, आणि मी प्रेमात पडलेय हे मला तिथेच, त्या स्टुलावर कळलं.

एव्हाना 'मॅडम'ची 'सृष्टी' झाली होती. एकदा मीच जादा पट्टी पुढे केली. तो मागे सरला.

"माझ्यामागं त्या आजी हायेत बघ, पाय सुजलेत त्यांचे. त्यांना दे. अन् मला कधीच देऊ नको, सृष्टी. आपल्या माणसाला मागच्या दारानं घ्यायचं नाय."

आपल्या माणसाला—बोलून गेला आणि स्वतःच लाजला. मी आजींना पट्टी बांधली, तीही आधी उलटी.

मग फोन सुरू झाले. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आम्ही न धावता चालायचो. तिथेच त्याने सांगितलं, चिलीतल्या एका द्राक्ष कंपनीत तीन वर्षांची नोकरी निघालीय, मुलाखत हैदराबादला.

"जाऊ का?" त्याने विचारलं. चालता चालता थांबला होता.

"जा की. अशी संधी कुणी सोडतं का?"

खरं तर 'नको जाऊस' म्हणायचं होतं. पण मी पडले शहाणी! हसूनसुद्धा दाखवलं.

मुलाखतीच्या दिवशी तो धावतपळत आला. ठिबकला खत सोडताना पाइप फुटला होता, पॅंट चिखलाने भरलेली, नखांत पांढरं खत. रांगेत पंचेचाळीस माणसं, आणि विमानाला अर्धा तास.

"सृष्टी, आज दे पट्टी. एकदाच मागतोय."

सकाळी एक पट्टी मी रडक्या बाळाच्या आईला दिली होती. दुसरी ड्रॉवरमध्ये होती. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. तीन वर्षं हे हात दिसणार नाहीत...

"संपल्या," मी म्हणाले.

त्याने लगेच विश्वास ठेवला आणि रांगेकडे पळाला. मशीन ओरडलं. बूट निघाले, बॅग उपसली गेली, विमान उडालं.

तो बूट हातात घेऊन माझ्याकडे आला. "तू नको वाईट वाटून घेऊ. तुझा काय दोष?"

तेवढ्यात दुपारच्या पाळीची प्रतिभा आली. ड्रॉवर उघडून म्हणाली, "अगं, आज एक उरली की! कुणी मागितलीच नाही का?"

मल्हारी त्या पट्टीकडे बघत राहिला.

"नियम म्हणून नाय दिलीस?"

हो म्हणता आलं असतं. त्याचंच वाक्य त्याला ऐकवता आलं असतं. पण आणखी एक खोटं तोंडातून निघेना.

"तू जाऊ नयेस म्हणून... मल्हारी, माझं प्रेम आहे तुझ्यावर."

तो खाली बसून नाड्या बांधू लागला. फार वेळ बांधत होता.

"ट्रॅकवर इचारलं होतं तुला," तो म्हणाला. "तवा नको म्हणली असतीस, तर मी तिकीटच काढलं नसतं."

"मल्हारी, ऐक ना—"

"मशीननं इतक्यांदा अडवलं, पण त्याचा राग नाय आला कधी. त्याला माणूस कळत नाय. तुला तर कळत होतं."

चिलीला तो गेला नाही. दिंडोरीतच आहे, माझ्या काउंटरपासून अर्ध्या तासावर. फोन उचलत नाही. हैदराबादला हल्ली बसने जातो, असं प्रतिभा सांगते. बसच्या रांगेत हात कुणी बघत नाही. मी रोज सकाळी दोन जादा पट्ट्या ड्रॉवरमध्ये ठेवते, आणि जो पहिला मागेल त्याला देऊन टाकते.