खालची साय

पाणी फार तापलं तर चित्र फाटतं आणि कोमट राहिलं तर ते जागचं हलत नाही, म्हणून फोटोवाल्या काकू पाण्यात बोट घालून दहा आकडे मोजायच्या. दहाव्याला बोट आपोआप बाहेर आलं की पाणी झालं. घरात थर्मामीटर होता, पण तो ताप आलेल्यांसाठी, असं त्यांचं म्हणणं.

दुपारचे दोन वाजले होते. पाचला प्रदर्शन उघडायचं होतं. सहा चित्रं दालनाच्या भिंतीवर चढली होती, सातवं अजून पाण्यात उतरायचं होतं.

आता चित्रं कसली, तेही सांगून टाकलेलं बरं. काकूंच्या नवऱ्याचा पासपोर्ट फोटोंचा धंदा. तो गेला आणि मागे ठेवून गेला झटपट फोटोचा कॅमेरा आणि कपाटभर फिल्म, सगळी तारीख उलटून गेलेली. या कॅमेऱ्यातून फोटो बाहेर पडला की काही मिनिटं त्याच्या कातडीखालचा रंग लोण्यासारखा मऊ असतो. तेवढ्यात काकू आइस्क्रीमच्या काडीने तो रंग दाबायच्या, ढकलायच्या, ओढायच्या. फोटो कुणाचा, तर स्वतःच्याच उघड्या पाठीचा. वय वर्षं अडुसष्ट. काडी फिरली की कण्याचा दोरखंड व्हायचा, कमरेच्या वळ्यांचं नांगरलेलं शेत व्हायचं. मग फोटो गरम पाण्यात टाकायचा. वरचं पातळ चित्र दुधावरच्या सायीसारखं सुटून तरंगायला लागतं. ते ब्रशने अलगद जाड कागदावर घ्यायचं, की झालं. गावातले निम्मे लोक म्हणाले, लाज सोडली. उरलेल्या निम्म्यांनी दालन किती वाजता उघडतं ते विचारून घेतलं.

दालनाच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे काकूंचे धाकटे दीर. त्यांना घरात बायकोही अध्यक्षच म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं. सकाळीच ते फर्मान घेऊन आले होते. सातही चित्रांपुढे पडदा, नाहीतर दालनाला कुलूप. आईने मरेपर्यंत मनगटापर्यंतच्या बाह्या सोडल्या नाहीत, आणि तिच्या सुनेने हे दिवे लावावेत, असं बरंच काही बोलले.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पडदा लावा की, भाऊजी. फक्त वर पाटी लावा, आत वहिनीची पाठ आहे म्हणून. मग रांग आवरायला पोलीस लागतील."

अध्यक्ष चहा न घेताच गेले.

सासूबाईंचं मात्र खरं होतं. भर उन्हाळ्यात गळ्यापर्यंत बटणं. शेवटचं वर्ष अंथरुणात गेलं, काकूच त्यांचं अंग पुसायच्या. हात, पाय, सगळं पुसून व्हायचं. पाठीची पाळी आली की म्हातारी खाटेची दांडी घट्ट धरायची आणि एवढंच म्हणायची, "पाठ नको." काकूंना तो लाजाळूपणा वाटायचा. त्यावरून त्यांनी तिची चिक्कार थट्टाही केली होती. त्याला अकरा वर्षं झाली.

तर सातवी पाठ पाण्यात गेली, सुटली, कागदावर बसली. नेहमीसारख्या चार सुरकुत्या पडल्या, त्या काकूंना आवडायच्या. त्या ट्रे मोरीत ओतायला उठल्या आणि थांबल्या. पाण्यात तळाशी उरलेल्या फोटोच्या कोऱ्या कागदावरून आणखी एक साय सुटत होती.

फोटो एक, साय एक. दोन निघत नाहीत. जुनी फिल्म, काहीही करेल, असं म्हणत काकूंनी ब्रशने ती उलगडली. तीच खोली. तीच खिडकी, काकू फोटोला बसायच्या तेच तिपाईसारखं लाकडी स्टूल. स्टुलावर पाठ करून बसलेली बाई मात्र दुसरी होती. डावा खांदा दोन बोटं उतरलेला. छोट्याशा अंबाड्यात एकच आकडा, तोही आडवा खोचलेला. तसा आकडा जगात एकच बाई खोचायची.

आणि पाठीवर इस्त्रीचे डाग होते. एक नाही, तीन. तिन्हींची टोकं मानेकडे.

खोलीत गरम कापडाचा वास आला. काकूंच्या मागे, रिकाम्या खोलीत, स्टूल करकरलं... कुणी अंग सावरून बसावं तसं.

काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. दोन्ही हात त्यांनी ट्रेच्या कडेवर दाबून धरले.

"आई," त्या हळूच म्हणाल्या, "झाकू... की लावू?"

मग ट्रेमधली साय आपसूक कडेला सरकली. काकूंनी कोरा कागद पाण्यात धरला. ती त्यावर चढली आणि ताणून बसली, एकही सुरकुती न पडता. काकूंच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं.

पाचला अध्यक्ष पडद्याचं कापड खांद्यावर टाकून दालनात आले. एकेक पाठ मोजत, नाक मुरडत आठव्यापाशी पोचले आणि तिथेच थिजले. कापड खांद्यावरून घसरलं.

"वहिनी... हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

"मी सहा वर्षांचा होतो. बाबा म्हणाले होते, बोललास तर तुलाही..."

"आता बासष्टचे आहात," काकू म्हणाल्या. "दार उघडा. लोक उभे आहेत."

अध्यक्षांनी दार उघडलं. पडद्याच्या कापडाने त्यांनी डोळे पुसले, एवढाच त्याचा उपयोग झाला.

प्रदर्शन दहा दिवस चाललं. आठव्या चित्रातली मान रोज थोडी थोडी वळत होती, हे काकूंखेरीज कुणाच्या ध्यानात आलं नाही. पहिल्या दिवशी फक्त अंबाडा दिसत होता, दहाव्या दिवशी कानाची पाळी आणि गालाचा उंचवटा दिसायला लागला. काकूंनी ते घरी आणलं. मग दिराकडे जाऊन सासऱ्यांचा मोठा फोटो मागून आणला, कोट घालून समोर रोखून बघणारा, आणि बरोबर समोरच्या भिंतीवर टांगला.

"बघा आता एकमेकांकडे," असं म्हणून त्या झोपल्या.

सकाळी सासऱ्यांची फ्रेम भिंतीकडे तोंड करून लटकत होती. काकूंनी ती सरळ केली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. काकूंनी पुन्हा सरळ केली, वर दोन टोमणेही मारले.

तिसऱ्या सकाळी फ्रेम सरळ होती. काचेवर धूळ होती तशीच होती. आत सासरे होते, पण पाठमोरे. खोलीत गरम कापडाचा वास कोंदला होता, आणि कोटाच्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, एक तपकिरी टोक हळूहळू उमटत होतं.